परिमिती

रात्री साडेदहाला तिकडे सकाळ होते.
कर्ली खाडीच्या या काठावर
जाळी टांगलेल्या पडवीत मी लॅपटॉप उघडते
आणि मला पगार देणारा देश
तुकड्यातुकड्यांनी पडद्यावर उतरतो.

काम सोपं. यादीत किती नावं, त्यांतली आली किती,
रेघ कुठून निघाली, कुठे वळली.
काल एक मतदारसंघ आला
बांगड्याच्या काट्यासारखा,
महामार्गाच्या कडेकडेने बारीक होत गेलेला,
दोन शहरांची नुसती शेपटं तोंडात धरून.

साहेबांनी सूत्र दिलंय
(साहेब म्हणजे एक आवाज, कायम काहीतरी गरम पीत असलेला):
क्षेत्रफळाला परिमितीच्या वर्गाने भागा,
वर चार पायचा गुणाकार.
गोल असेल तर एक.
वाकडं होत जाईल तसतसं शून्याकडे.
शून्याजवळ म्हणजे रेघेवर कुणाचा तरी हात आहे.
काट्याला आले शून्य पूर्णांक शून्य सहा.
मी लाल भरला.

मग झोप येईना म्हणून
आपल्याच ग्रामपंचायतीचा नकाशा घातला त्या सूत्रात.
चावडीच्या भिंतीवरून फोनने काढलेला,
एका कोपऱ्यात ओल चढलेली, तो कोपरा अंदाजाने.
प्रभाग तीन: शून्य पूर्णांक शून्य नऊ.
लाल.
मला हसूच आलं. इथे कुणाचा हात?
खाडीचा. चिखलाचा.
सरळ चालणं ठाऊकच नसलेल्या कांदळवनाचा.
इनासमामा तर हाकतो, त्याला विचारलेलं एकदा,
मामा, आपला काठ लांब किती?
तो वल्ह्यावरचं शेवाळ खरवडत म्हणाला,
"सुकतीचो की भरतीचो?"

पण उत्तरेला एक रेघ आहे, गेल्या वर्षी आलेली.
पट्टीने ओढलेली, सुतासारखी.
गाबीतवाडीच्या मधोमध.
द्रौपदीबाय मेतरचं घर तीनमध्ये, न्हाणीघर दोनमध्ये.
सूत्राला ही रेघ फार आवडते.
तिच्याच जोरावर प्रभाग दोन: शून्य पूर्णांक एकसष्ट.
हिरवा. हिरवागार.
अर्धी वाडी इकडे, अर्धी तिकडे,
कुठेच पुरेशी नाही.

तीनचं केंद्र आता पलीकडच्या शाळेत.
मतदानाच्या दिवशी खलाशी खोल पाण्यात होते,
आणि बाया बाजारात, टोपल्या रिकाम्या होईपर्यंत.
दीडला त्या परतल्या तेव्हा तर गाळात बसलेली.
द्रौपदीबाय धक्क्यावर उभी राहिली,
चपला हातात, चिठ्ठी पदराच्या गाठीत.
पावणेसहाला तर हलली.
साडेपाचला शाळेचं फाटक लागलं होतं.

अहवालात चौतीस टक्के.
पुढच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात: मतदारांची उदासीनता.
मी तिला वाचून दाखवलं. उदासीनता म्हणजे काय, तिने विचारलं.
मी सांगितलं.
बराच वेळ ती सुक्या बोंबलांतले तुकडे वेगळे करत राहिली.
"मी आयलंय मगे," म्हणाली, "पाणी येवक नाय."

आज पुन्हा तो दुसरा देश.
एका वस्तीत एकोणतीस टक्के, कारण तेच,
फक्त त्यांच्या भाषेत.
वस्तीची कड सरळ. सूत्र खूश.
मी नकाशा मोठा करत नेते.
जुनं केंद्र एका वाचनालयात होतं, ते आता नाही.
नवं केंद्र आठ मैलांवर, मध्ये एक निळी रेघ.
नदी असेल. कालवा असेल.
पूल आहे की नाही ते इतक्या उंचावरून दिसत नाही.
तिथेही कुणी चपला हातात घेऊन उभं होतं का,
याला रकाना नाही.

शेऱ्यात मी लिहिते: ओहोटीची वेळ तपासावी.

पहाटे चारला साहेबांचा निरोप येतो.
हा शब्द कळला नाही. हे गाव तर समुद्रापासून
सहाशे मैल आत आहे.
बाहेर पहिलं इंजिन खोकून सुरू होतं,
मग दुसरं.
मी उत्तर टाइप करायला घेते,
खोडते,
आणि आधी प्रभाग दोनचा हिरवा काढून टाकते.